अंगणवाडीचा पैसा नेमका कुठे अडतो? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

मागच्या अंकात ग्रामपंचायत आणि अंगणवाडी या विषयावर प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांतली बरीचशी एकाच गोष्टीभोवती फिरत होती: तरतूद आहे असं सगळे सांगतात, मग ती आमच्या मुलापर्यंत का येत नाही? त्यातले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत. काही पत्रं लांब होती, ती आम्ही थोडी आटोपली आहेत.

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातल्या एका गावची नवी सरपंच आहे. महिला व बालकल्याणाचे दहा टक्के "दरवर्षी खर्च होतात" असं कार्यालयात सांगतात. अंगणवाडीत मात्र त्यातली एक वस्तूही दिसत नाही. हे पैसे कशातून येतात आणि मी ते अंगणवाडीकडे कसे वळवू?

उत्तर : सरपंचताई, आधी हिशेब पाहा. हे दहा टक्के ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नावर काढायचे असतात. घरपट्टी, दिवाबत्ती कर, बाजारफी, गाळ्यांचं भाडं हे स्वतःचं उत्पन्न. वित्त आयोगाचा किंवा कुठल्या योजनेचा निधी त्यात धरायचा नाही. स्वउत्पन्न ६ लाख ४० हजार असेल, तर तुमच्या हातात ६४ हजार आहेत. (त्याच उत्पन्नातून १५ टक्के मागासवर्गीयांसाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी वेगळे निघतात. "सगळं एकत्रच खर्च केलं" हे उत्तर ऐकून घेऊ नका.) नमुना १ म्हणजे अंदाजपत्रक आणि नमुना ५ म्हणजे रोकडवही. गेल्या तीन वर्षांच्या या दोन्ही वह्या समोर ठेवा आणि दहा टक्क्यांतून काय काय घेतलं ते तारखेसह लिहून काढा. बहुतेक ठिकाणी खरेदीच्या तारखा मार्चच्या शेवटच्या आठवड्यातल्या निघतात आणि वस्तू निघतात खुर्च्या, कपाट, सतरंज्या. वसुली मार्चमध्ये होते, खर्च दाखवायची घाई होते आणि दुकानात जे तयार मिळेल ते घेतलं जातं. कपाट कार्यालयातच राहतं, कारण अंगणवाडीला ते ठेवायला जागा नसते.

यावर उपाय कंटाळवाणा आहे, पण लागू पडतो. मागणी ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये नोंदवायची. नियमित ग्रामसभेआधी महिला सभा घेणं कायद्याने बंधनकारक आहे. आपल्याकडे ती अनेकदा सह्यांपुरती उरते. यंदा ती अंगणवाडीतच भरवा. सेविका, मदतनीस आणि आशाताई तिथेच असतील, गळका कोपरा समोर दिसेल. तिथे ठरलेलं ग्रामसभेत ठरावात येऊ द्या. ठराव "अंगणवाडीचा विकास करणे" असा लिहिला, तर त्याचं अंदाजपत्रक कुणालाच करता येत नाही आणि फाईल तिथेच थांबते. तो असा लिहा: "अंगणवाडी क्र. २, वरची आळी येथे मुलांच्या उंचीचे तीन नळ व हात धुण्याचा ओटा, एक बालस्नेही शौचालय, शौचालयात पाण्याची जोडणी." ठरावात जागा, वस्तू आणि संख्या आली की शाखा अभियंत्याला मोजमाप घेता येतं.

आता कोणतं काम कोणत्या पैशातून करायचं ते. पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) निधीत ६० टक्के रक्कम बंधित होती, म्हणजे निम्मी पिण्याच्या पाण्याला आणि निम्मी स्वच्छतेला. उरलेले ४० टक्के अबंधित. नळ, टाकी, शौचालय ही कामं बंधित निधीत बसतात. असं असूनही पंचायती ती दहा टक्क्यांतून करतात आणि खेळणी-पुस्तकांना पैसे उरत नाहीत. आयोग बदलला की टक्केवारी बदलू शकते, म्हणून चालू वर्षाचं परिपत्रक ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून वाचून घ्या. केंद्राच्या "सक्षम अंगणवाडी व पोषण २.०" मध्येही अंगणवाडीच्या शौचालयासाठी ३६ हजार आणि पाण्याच्या सोयीसाठी १७ हजार असे दर आहेत. पर्यवेक्षिकेला विचारा, तुमच्या अंगणवाडीचं नाव त्या यादीत गेलं आहे का? एकाच शौचालयाचा खर्च दोन योजनांतून दाखवला, तर लेखापरीक्षणात तुम्हीच अडकाल.

दहा टक्के आम्ही असे वापरू: मुलांच्या हाताला येतील असे उघडे कप्पे, लाकडी ठोकळे, चित्रांची पुस्तकं, न घसरणारी फरशी, आवाराला कुंपण. नळाची तोटी जमिनीपासून अर्ध्या मीटरच्या आसपास घ्या. मोठ्यांच्या उंचीवर बसवलेला नळ मदतनीसताईच उघडून देतात आणि मूल हात धुवायला शिकत नाही. बांधकाम काढण्याआधी जागेची नोंद तपासा. अंगणवाडी जिल्हा परिषद शाळेच्या आवारात असेल, तर त्यांची संमती फाईलला लावावी लागते. हा एक कागद नसल्यामुळे वर्ष वाया गेलेली कामं थोडीथोडकी नाहीत.

विकास आराखड्यात शाश्वत विकासाच्या नऊ संकल्पना असतात, त्यातली तिसरी "बालस्नेही गाव". पंचायतीने ती निवडली, तर वरची कामं आराखड्यात सहज बसतात. शेवटी सगळं ई-ग्रामस्वराज पोर्टलवर चढलं का ते स्वतः पाहा. जे तिथे नाही, त्यावर खर्च करता येत नाही.

प्रश्न : आमची वस्ती गावठाणापासून तीन किलोमीटर आत, ओढ्यापलीकडे आहे. सहा वर्षांखालची ४५ मुलं आहेत. पावसाळ्यात एकही मूल अंगणवाडीत पोहोचत नाही. नवी अंगणवाडी मागता येते का?

उत्तर : येते. ग्रामीण भागात साधारण ४०० ते ८०० लोकसंख्येला एक अंगणवाडी असा निकष आहे. आदिवासी आणि डोंगराळ भागात तो ३०० पासून सुरू होतो. तुमच्यासाठी याहून महत्त्वाचा आहे सर्वोच्च न्यायालयाचा १३ डिसेंबर २००६ चा आदेश: सहा वर्षांखालची किमान ४० मुलं असलेल्या आणि अंगणवाडी नसलेल्या वस्तीला "मागणीनुसार अंगणवाडी" मिळायला हवी, तीही मागणीपासून तीन महिन्यांत. अर्जात या आदेशाचा तारखेसह उल्लेख करा.

अर्जासोबत यादी जोडा. तिच्यात मुलाचं नाव, जन्मतारीख, आईचं नाव, आज कोणत्या अंगणवाडीत नोंद आहे आणि तिथपर्यंतचं अंतर एवढं तरी हवं. यादीतच सगळं बिनसतं. सहा वर्षं पूर्ण झालेली मुलं धरली जातात, पाहुणी आलेली भाचरं धरली जातात आणि ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांची मुलं मात्र सुटतात. पर्यवेक्षिका पडताळणीला आली आणि ४५ ची ३६ निघाली, की अर्ज तिथेच संपतो. तेव्हा यादी आशाताईंच्या नोंदवहीशी ताडून मगच सह्या घ्या. ग्रामसभेचा ठराव लावून अर्ज बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे द्या, प्रत जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागाला द्या आणि दोन्हीकडे पोच घ्या. तीन महिने त्या पोचेच्या तारखेपासून मोजायचे. तोंडी मागणीला तारीख नसते.

तोपर्यंत दोन गोष्टी मागा. एक, महिन्याच्या ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण दिनाचं सत्र पाळीपाळीने वस्तीवर भरवावं, म्हणजे लसीकरण आणि वजन तिथेच होईल. हे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना ठरवता येतं. दोन, घरपोच आहार पावसाळ्यात वस्तीवर आणून वाटावा.

प्रश्न : माझा मुलगा २२ महिन्यांचा आहे. सेविकाताई म्हणतात तो "सॅम"मध्ये आहे. खासगी डॉक्टर म्हणतात वजन जरा कमी आहे, काळजीचं नाही. गावात मात्र "कुपोषित" म्हणून नाव झालं. कुणाचं खरं मानू?

उत्तर : दोघांचंही खरं असू शकतं, कारण ते दोन वेगळ्या गोष्टी मोजत असतील. वयाच्या मानाने वजन कमी असणं ही एक गोष्ट. उंचीच्या मानाने वजन कमी असणं ही दुसरी. चण लहान असलेलं, पण अंगाने भरलेलं मूल पहिल्या मापात कमी दिसतं आणि दुसऱ्यात ठीक. सॅम म्हणजे तीव्र कुपोषण, ते दुसऱ्या मापाने ठरतं: उंचीनुसार वजन उणे ३ एसडीच्या खाली (एसडी म्हणजे सरासरीपासून आकडा किती दूर आहे ते सांगणारं माप), किंवा दंडघेर ११.५ सेंमीपेक्षा कमी, किंवा दोन्ही पायांवर सूज. यातलं एकही लागू झालं तरी मूल सॅम. दंडघेर ११.५ ते १२.५ च्या मधे असेल तर मध्यम, म्हणजे मॅम. दंडघेराचं हे माप सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठी आहे.

म्हणून मोजणी पुन्हा करून घ्या, तीही तुमच्यासमोर. सेविकाताईंवर संशय म्हणून नव्हे. रडणाऱ्या मुलाची उंची मोजणं कुणालाही अवघडच असतं. पुढच्या गोष्टींवर लक्ष ठेवा. वजनकाटा आधी शून्यावर आहे का? मुलाच्या अंगावर जाड कपडे, बूट, कमरेचा करदोटा, हातातले वाळे आहेत का? दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी निजवून मोजायची असते. त्याला उभं करून मोजलं तर आकडा सुमारे ०.७ सेंमीने कमी येतो, म्हणून तेवढे मिळवावे लागतात. गुडघा वाकलेला राहिला, तरी लांबी कमी भरते. दंडघेर डाव्या दंडाचा घ्यायचा, खांद्याचं टोक आणि कोपर यांच्या बरोबर मधे, हात सैल सोडून. पट्टी आवळली तर चांगलं मूलही लाल रंगात जातं. सूज पाहण्यासाठी दोन्ही पावलांवर अंगठ्याने तीन सेकंद दाबतात आणि खड्डा राहतो का ते बघतात. जन्मतारीखही पाहा. पोषण ट्रॅकरमध्ये, म्हणजे सेविकाताई नोंदी भरतात त्या मोबाइल ॲपमध्ये, ती महिनाभराने चुकली असेल, तर वयानुसार वजनाचं सगळं चित्र बदलतं.

मोजणी बरोबर निघाली आणि मूल खरोखर सॅम असेल, तर लाज बाजूला ठेवा. ताप, जुलाब, सूज नसेल आणि मूल खात असेल, तर त्याला अंगणवाडीतल्या ग्राम बाल विकास केंद्रात ठेवतात. तिथे दिवसातून अनेकदा थोडं थोडं, पण भरपूर ऊर्जेचं खाणं देतात. मूल खात नसेल, मलूल असेल किंवा सूज असेल, तर पोषण पुनर्वसन केंद्र. तिथे साधारण दोन आठवडे आईसोबत राहावं लागतं आणि बहुतेक घरं इथेच मागे फिरतात: रोज बुडतो, दुसरं लेकरू घरी एकटं राहतं. पंचायतीने मदत करायची ती या जागी. जाण्या-येण्याचं वाहन आणि घरी राहिलेल्या भावंडाची सोय. अन्न सुरक्षा कायद्यानुसार कुपोषित मुलाला दिवसाला ८०० किलोकॅलरी आणि २० ते २५ ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत. इतर मुलांना ५०० आणि १२ ते १५.

एक गोष्ट पंचायतीच्या मंडळींसाठी. "आपल्या गावात सॅम दाखवू नका" असं सेविकेला सांगितलं जातं, हे आमच्या कानावर अनेकदा आलं आहे. यादीतून नाव गेलं की त्या मुलाचा जादा आहार जातो. गावाचं नाव राखायचा हा फार महागडा मार्ग.

प्रश्न : माझी सून माहेरी आहे. नातवाचा आहार आणायला मी गेले, तर "चेहरा जुळत नाही" म्हणून परत पाठवलं. (आजी, जालना)

उत्तर : आजी, १ जुलै २०२५ पासून घरपोच आहाराच्या वाटपाला चेहरा पडताळणी लागू झाली आहे. लहान मुलाच्या आहाराची नोंद आईच्या आधारवर असते, त्यामुळे तुमचा चेहरा जुळणार नाही. सूनबाई माहेरी बरेच दिवस राहणार असतील, तर तिथल्या अंगणवाडीत नोंद हलवून घ्या. ते पोषण ट्रॅकरमध्येच होतं. ती परत आल्यावरही चेहरा जुळला नाही, तर कारणं बहुधा तीन: आधारवरचा फोटो फार जुना, आधारला जोडलेला मोबाइल बंद पडलेला (ओटीपी येत नाही) किंवा वाटपाच्या खोलीत उजेड नाही. तिसऱ्यासाठी अंगणात या, एवढंच. बाळाचं स्वतःचं आधार नाही म्हणून आहार नाकारता येत नाही. कुणी नाकारला तर प्रकल्प अधिकाऱ्यांना लेखी द्या. हक्काचं अन्न मिळालं नाही तर अन्न सुरक्षा भत्ता द्यावा, असं कायद्याचं कलम ८ सांगतं. वर दाद मागायला महाराष्ट्र राज्य अन्न आयोग आहे.

प्रश्न : मातृ वंदना योजनेचे पहिले तीन हजार आले, पुढचे आलेच नाहीत. बाळ आठ महिन्यांचं झालं.

उत्तर : पहिल्या अपत्याला पाच हजार मिळतात, तीन आणि दोन अशा दोन हप्त्यांत. दुसरा हप्ता दोन गोष्टींवर अडतो: बाळाच्या जन्माची नोंद आणि लसीकरणाची पहिली फेरी (साडेतीन महिन्यांच्या लसींपर्यंत). लस टोचली, पण माता-बाल संरक्षण कार्डावर तारीख लिहिली नाही, असं सर्रास घडतं. माहेरी बाळंतपण झालं असेल तर जास्तच. कार्ड घेऊन आरोग्य उपकेंद्रात जा आणि नोंदी पूर्ण करून घ्या. मग बँकेत जाऊन एकच प्रश्न विचारा: आधार याच खात्याला डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) जोडलेलं आहे का? खात्यात आधारची झेरॉक्स दिलेली असणं आणि डीबीटीसाठी जोडणी असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी बँक जोडलेली असेल, तर पैसे तिकडे जाऊन पडले असतील.

दुसरं अपत्य मुलगी असेल, तर सहा हजार एकरकमी मिळतात, आणि तो अर्ज जन्मापासून २७० दिवसांत करायचा असतो. १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलीसाठी राज्याची "लेक लाडकी" योजना वेगळी आहे. त्यासाठी पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका लागते. टप्प्याटप्प्याने एकूण १ लाख १ हजार, त्यातले पहिले पाच हजार जन्मानंतर. अर्ज अंगणवाडी सेविकेकडेच. दोन्हींचे लाभ वेगवेगळे असल्याने एक घेतला म्हणून दुसरा सोडायची गरज नाही.

जन्मनोंद २१ दिवसांत करा, ती विनामूल्य होते. वर्ष उलटलं की महसूल अधिकाऱ्याचा आदेश लागतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशासाठी जन्मदाखलाच लागणार आहे.

प्रश्न : भाऊ गेला. वहिनीला चार आणि सहा वर्षांची दोन मुलं. पंचायतीकडून काही मिळेल का?

उत्तर : पंचायतीकडून रोख काही नाही, पण राज्याची बालसंगोपन योजना आहे. आई किंवा वडील गेलेल्या मुलांनाही ती लागू होते. दर मुलाला महिन्याला २,२५० रुपये, वयाच्या १८ वर्षांपर्यंत. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात करायचा, गृहभेट होते आणि आदेश बाल कल्याण समिती देते. मृत्यूदाखला, रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, मोठ्याचा शाळेचा आणि धाकट्याचा अंगणवाडीचा दाखला, बँक पासबुक एवढं जमवून मगच जा. गृहभेटीच्या वेळी मुलं घरी हवीत. मुलं मामाकडे राहतात असं कागदावर आलं, तर पुढे घोळ होतो. आदेशाची मुदत पाहून ठेवा, नूतनीकरण राहिलं की पैसे बंद होतात.

प्रश्न : बाळंतपणाला दीड महिना झाला. बायको सतत रडते, बाळाला घ्यायला नको म्हणते. घरचे म्हणतात, होतं असं.

उत्तर : पहिल्या काही दिवसांत रडू येणं आणि आपोआप ओसरणं हे होतं. दोन आठवड्यांहून जास्त टिकलं तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. दीड महिना वाट पाहिलीत, आता पाहू नका. आशाताई बाळंतिणीच्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येतात. ४२ व्या दिवसाची भेट राहिली असेल तर त्यांना बोलवा. त्यांच्यासमोर "बाळ बरं आहे" एवढ्यावर विषय संपवू नका, आईचं सांगा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीत बोलता येतं. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचं ती बोलली, किंवा भलतंच काही ऐकू-दिसू लागलं, तर तिला एकटी ठेवू नका आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्या. रात्रीचं एक दूध पाजणं सोडून बाकी बाळाचं सगळं तुम्ही करा, तिला सलग चार-पाच तास झोप मिळू द्या.

प्रश्न : पुण्यात राहतो. अंगणवाडीची तक्रार महापालिकेने घेतली नाही. नगरसेवकही हात वर करतात.

उत्तर : कारण शहरातल्या अंगणवाड्या बहुधा महापालिकेच्या नसतात. त्या नागरी बाल विकास प्रकल्पाच्या असतात, आणि तो राज्याच्या एकात्मिक बाल विकास सेवा योजना आयुक्तालयाखाली येतो. तक्रार नागरी प्रकल्प अधिकाऱ्यांकडे द्या. जागा, पाणी, ड्रेनेज, कचरा एवढ्यापुरतं मात्र महापालिकेकडेच जावं लागतं.

प्रश्न : मुलगी साडेचार वर्षांची आहे. अंगणवाडीत नुसती गाणी आणि ठोकळे. शेजारच्या इंग्रजी बालवाडीत मुलं शंभरपर्यंत लिहितात. पंचायतीने अंगणवाडीत अभ्यास सुरू करायला लावावा का?

उत्तर : नको. साडेचार वर्षांच्या बोटांचे स्नायू पेन्सिलीसाठी तयार व्हायचे असतात. ते मातीकाम, मणी ओवणं, कागद फाडणं यांतूनच होतात. शंभरपर्यंत लिहिणाऱ्या मुलाला सात बिया मोजून द्यायला सांगून पाहा. राज्याचा "आकार" हा बालशिक्षणक्रम खेळातूनच शिकवायला सांगतो, ते आळसाने ठरवलेलं नाही. तक्रार करायचीच असेल तर वेगळी करा: रोज किमान दोन तास शालापूर्व शिक्षण होतं का? की ताईंचा सगळा वेळ मोबाइलवर नोंदी भरण्यात आणि खिचडी वाटण्यात जातो? ताई सर्वेक्षणाला गेल्या की मुलांपाशी कोण असतं? मदतनीसाचं पद रिकामं आहे का? ते किती महिन्यांपासून रिकामं आहे, एवढं ग्रामसभेत विचारा आणि इतिवृत्तात लिहून घ्या.